रात्रीच्या गळाचं सामान

३ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकलं असतंस तर आता वाचत नसतास. तेव्हा उघडलंस असं धरून चालते आणि लगेच कामाचं लिहिते. रात्री तलावावर बास मासे धरायला जायचं तर दिवे कोणते घ्यायचे आणि बाकी सामान काय लागतं, हे मला तुझ्याकडून हवंय.

बाबांना जायचंय. त्यांचं फुप्फुस आता फार दिवस काढणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आणि मी आत गेले तर बाबा म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत म्हणाली ना?" दार उघडंच होतं. तिसऱ्या दिवशी मी त्यांची उशी नीट करत होते, तर म्हणाले, एकदा तलावावर जाऊ, रात्री. मला वाटलं, तापात बोलतायत. पण तापबीप नव्हता.

तुला माहीत आहे, घरात आता गळ सोड, साधा दोरीचा तुकडासुद्धा नाही. तू घर सोडून गेलास त्याच आठवड्यात त्यांनी होडी, गळाचे रॉड, दिवे, सगळं त्यांच्या बस डेपोतल्या एका ड्रायव्हरला देऊन टाकलं. म्हणजे आता सगळं नव्याने घ्यायचं, आणि ते मी घ्यायचं. मला तर बासचं तोंड कुठल्या बाजूला असतं तेही विचारावं लागेल.

काल तलावाच्या रस्त्यावरच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार उंच आहे, सतत वाकून बोलतो, त्यामुळे आपण लहान मूल असल्यासारखं वाटतं. त्याने काउंटरवर तीन दिवे मांडले. एक डोक्याला बांधायचा, त्यात पांढरा आणि लाल असे दोन रंग. एक होडीच्या कडेला लावायचा, जांभळा. तिसरा पाण्यात सोडायचा, हिरवा. मी विचारलं, यातला कोणता? तो म्हणाला, ते तुम्ही मासे धरायला जाताय की माशांकडे बघायला, त्यावर आहे. मी म्हटलं, विचारून सांगते.

कोणाला विचारणार ते त्याला सांगितलं नाही. बाबांनाही सांगितलेलं नाही. त्यांनी आधीच बजावलंय की याबाबतीत कोणालाही विचारायचं नाही, आणि कोणालाही म्हणजे कोणाला ते मला कळतं.

मी अजून कवळ्याच बनवते. तीच लॅब, तेच टेबल, फक्त खिडकीजवळचं. दाताचा रंग जुळवायचा तर कोणत्या उजेडात बघायचा, एवढंच दिव्यांचं ज्ञान मला आहे. पिवळ्या दिव्याखाली सगळेच दात एकसारखे दिसतात. रात्रीच्या पाण्याचं मला काही कळत नाही.

दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

१९ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघून सामान घ्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी फसले.

सगळ्यात प्रखर पांढरा टॉर्च घेऊन आले. वाटलं, जेवढा उजेड जास्त तेवढं बरं. संध्याकाळी बाबांना मागच्या अंगणात खुर्चीवर बसवलं, मांडीवर रॉड दिला, दोरीच्या टोकाला गळाऐवजी शिशाचा गोळा बांधला आणि तो टॉर्च लावला. बाबांनी डोळ्यांवर हात धरला. म्हणाले, "बंद कर ते. समोरचा आंधळा होतो त्याने." मग म्हणाले की डोक्यावर नेहमी लालच लावायचा, गाठ मारण्यापुरता, तोही पाण्याकडे पाठ करून. अकरा वर्षांत या विषयावर ते एवढं पहिल्यांदाच बोलले. मी श्वासही मोठा घेतला नाही, न जाणो गप्प होतील.

त्यांनी तीन वेळा फेकलं. पहिल्यांदा गोळा त्यांच्याच पायाशी पडला. दुसऱ्यांदा दोरीवर वाळत घातलेल्या चादरीत गेला. तिसऱ्यांदा अगदी कुंपणापर्यंत गेला आणि त्यांचं तोंड, काय सांगू, डेपोतली बंद पडलेली बस चालू झाल्यावर व्हायचं तसं झालं. पण रीलच्या चाकावर दोरी परत गुंडाळता येईना. मनगट थरथरतं. मी पुढे झाले तर हात झटकला. पाऊण तास लागला त्यांना ती दोरी परत आणायला. मी शेजारी बसून मटार सोलत असल्याचं नाटक केलं. सोलून झालेल्या शेंगाच मी परत परत चाचपत होते.

झोपताना म्हणाले, "दिव्यांची बॅटरी घेशील ती चांगली बघून घे. आणि चार्ज करून ठेव. दोनदा बघ." मी हो म्हटलं. "दोनदा," ते पुन्हा म्हणाले.

त्यानंतर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

मला तुला काहीतरी सांगायचंय, पण ते या पत्रात नाही. या पत्रात फक्त एवढंच विचारायचंय की दोरी किती जाड घेऊ आणि आमिष काळं घ्यायचं की चमकणारं. दुकानदार म्हणतो काळं. मला ते पटत नाही. अंधारात काळं कोणाला दिसणार?

२ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड काल आलं. वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. चालेल. मी ते लॅबमध्येच, पांढऱ्या दिव्याखाली तीन वेळा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, कोणाचं लग्न आहे का?

काळं आमिषच घे, मासा खालून वर बघतो आणि आभाळापुढे काळाच आकार उठून दिसतो, हे तुझं वाक्य वाचल्यावर दुकानदारासमोर मला मान खाली घालायला लागली. जांभळा दिवा घेतला, होडीच्या उजव्या कडेला लावायचा. चमकणारी दोरी त्यात निळी पेटल्यासारखी दिसते आणि माशाने तोंड लावलं की ती नुसती हलते ते दिसतं, हे दुकानदाराने मला दुकानाच्या मागच्या खोलीत दिवे घालवून दाखवलं. हिरवा परत केला. रॉड दोन घेतले, आखूड आणि दणकट. दोन्हीला घरीच आमिष बांधून न्यायचं, तिथे अंधारात गाठी मारत बसायचं नाही, हेही तू लिहिल्याप्रमाणे. शेवटची ओळ, की लाइफ जॅकेट घालताना बाबांचा खालचा पट्टा आधी लाव, वरचा आधी लावला तर त्यांना दम लागेल, ती वाचून मी कार्ड उलटं ठेवलं. थोड्या वेळाने सरळ केलं.

बाबांना वाचून दाखवलं. सांगितलं, दुकानदाराने लिहून दिलंय. ते डोळे मिटून ऐकत होते. पूर्ण झाल्यावर म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग विचारलं, "दुकानदाराचं अक्षर कसं आहे?"

मी म्हटलं, "डावीकडे झुकलेलं."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे वळून झोपले. त्यांना कळलं, दादा. मला वाटलं, आता विचारतील, कुठे असतो, काय करतो. रात्री अकरापर्यंत मी त्यांच्या खोलीच्या बाहेर स्टूल टाकून बसले. त्यांनी फक्त पाणी मागितलं.

दुकानदार मला होडी चालवायला शिकवतोय. छोटी विजेवरची मोटार आहे, आवाज नाही. दोन संध्याकाळी झाल्या. बुडालेल्या झाडांच्या खोडांकडे तो मला नेत नाही. म्हणतो, तिकडे उजेडातही जपून जायचं. मी त्याला सांगितलं नाही की मला माहीत आहे.

११ एप्रिल

दादा,

आज दिव्यांची बॅटरी घेतली. चौकोनी, काळी, वरती पकडायला पट्टा. अगदी तशीच. ती घरी आणून टेबलावर ठेवली आणि आता मी लिहिल्याशिवाय उठणार नाही.

त्या दिवशी तू बॅटरी चार्ज केली होतीस.

सकाळी कामाला जाण्याआधी तू जिन्याखाली ती लावून गेलास. दुपारी मी बघितलं तेव्हा चार्जरवरचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे पूर्ण भरली होती. मला माहीत आहे, कारण ती मीच काढली. माझ्या मैत्रिणीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, तिच्या घराच्या गच्चीवर आम्ही सहा जणी जमणार होतो. तिथे वर वीज नव्हती. मी म्हटलं, माझ्याकडे आहे की. त्या बॅटरीवर आम्ही रंगीत दिव्यांच्या माळा लावल्या आणि तीन तास गाणी वाजवली. सहाच्या आत मी ती आणून परत तुझ्या पिशवीत ठेवली. चार्जरला लावायला वेळ नव्हता, तू आणि आपला मधला भाऊ निघायच्या बेतात होतात. मी सांगू शकले असते. तू रागावला असतास, कदाचित तुम्ही त्या दिवशी गेलाच नसतात. मला वाटलं, असेल की उरलेली. मधला जाताना माझ्या डोक्यात टपली मारून म्हणाला, "मोठा मासा आणला तर तू साफ करायचास." मी म्हटलं, "आधी आण."

पुढचं तू मला कधीच सांगितलं नाहीस. पोलिसांना सांगत होतास तेव्हा मी ऐकलं. परत येताना खोडांमधून वाट काढत होतात, मधला पुढे उभा राहून हाताने डावीकडे, उजवीकडे दाखवत होता, मोठा दिवा पिवळा पडला आणि गेला. तू इंजिन बंद करेपर्यंत होडी आदळली. डोक्यावरचा छोटा दिवा त्याच्याच डोक्यावर होता, तो पाण्यात दिसेनासा झाला. त्याने तुला दोनदा हाक मारली. तू उजाडेपर्यंत पाण्यात होतास.

मग तू ओल्या कपड्यांनी स्वयंपाकघरात उभा होतास आणि बाबांनी विचारलं, दिवा गेला कसा? तू म्हणालास, "मी सकाळी चार्जिंगला लावली होती, बाबा." ते म्हणाले, "भाऊ घालवून आलास आणि वर खोटं बोलतोस." तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटतं, तू फक्त घरातलं कोणीतरी म्हणून बघितलंस. माझ्या हातात चहाचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं, पुसलं, परत उचललं.

त्या दिवशी भीतीने बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले नाही कारण पहिल्या दिवशी बोलले नव्हते. मग तू गेलास. त्यानंतर रोज कालच्यापेक्षा एक दिवस जास्त उशीर होत गेला, बाकी काही कारण नाही. मी एकोणीस वर्षांची होते हे लिहिणार होते, पण मग वीस झाले, पंचवीस झाले, तीस झाले.

माफी मागत नाही. ती मागायची तर आधी तुझं काय काय गेलं ते मला माहीत हवं, आणि ते मला माहीत नाही. तू फक्त हे वाच.

२६ एप्रिल

दादा,

आम्ही जाऊन आलो. तू काही लिहिलं नाहीस, पण तुझ्या कार्डाप्रमाणे सगळं केलं म्हणून कळवते.

अमावस्येच्या आसपासची रात्र होती, वारा नव्हता. दुकानदाराने बाबांना उचलून होडीत बसवलं. खालचा पट्टा आधी लावला. पाठीमागच्या दांडीवरचा पांढरा दिवा दुसऱ्या होड्यांसाठी चालू ठेवला, बाकी सगळे घालवले, जांभळा तेवढा ठेवला. मी किनाऱ्याच्या कडेकडेने नेलं. बाबा अंगणापेक्षा बरं फेकत होते. दोरी पाण्यावर निळी दिसत होती, आणि त्या उजेडात त्यांचा शर्टही निळा आणि केस तर अगदी पेटल्यासारखे. मला हसू आलं. त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तेही हसले आणि मग बराच वेळ खोकत बसले.

मला वाटलं, सांगायचं तर आताच. मी सांगितलं. जिन्याखालपासून पिशवीपर्यंत, तुला लिहिलं तसंच. सांगताना दोरीकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही.

त्यांनी दोरी गुंडाळून आणली आणि परत फेकली. मग विचारलं, "हे त्याला कळवलंस?"

"हो. दोन आठवडे झाले."

"काय म्हणाला?"

"काही नाही."

त्याच वेळी दोरी हलली. माझ्या आधी त्यांना दिसलं. त्यांनी रॉड वर घेतला, तो वाकला, आणि पलीकडे अंधारात पाणी फुटल्यासारखा आवाज झाला. मोठा असावा. बाबांनी दोन-तीन वेढे गुंडाळले आणि मग रॉड माझ्या हातात दिला. मला काय करायचं ते कळलं नाही. मी घट्ट धरून ठेवला, नुसता. थोड्या वेळाने दोरी सैल झाली. बाबांनी हात शर्टाला पुसले. मला वाटलं निदान त्यावरून तरी रागावतील.

मी विचारलं, "त्याला बोलावू का?"

"नको."

"का, बाबा?"

ते सावकाश, मध्ये थांबत बोलले. मी जसं ऐकलं तसं लिहिते. "अकरा वर्षं मी त्याच्यावरचा राग धरून बसलो. आता तो तुझ्यावर धरायला माझ्यात जोर नाही. आणि त्याच्यावरचा सोडायलाही नाही. तो आला तर मी त्याच्याकडे बघणार कसा?" मग म्हणाले, "घरी चल. थंडी वाजते."

थंडी नव्हती. मी होडी वळवली. किनाऱ्यापर्यंत ते माझ्याकडे पाठ करून बसले होते, आणि दुकानदार उतरवायला आला तेव्हा त्याला म्हणाले, दिवे चांगले दिलेत.

घरी आल्यापासून माझ्याशी नीट बोलतात. औषध घेतात, थँक्यू म्हणतात. आधी कधी थँक्यू म्हणत नव्हते.

१७ मे

दादा,

मी फोन केला तेव्हा वहिनींनी उचलला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. बाबा गेले, एवढं सांगितलं, त्या 'बरं' म्हणाल्या. वाटलं, संपलं. चौथ्या दिवशी त्या एकट्याच दारात उभ्या होत्या, हातात एक छोटी बॅग, आणि मी कोण ते त्यांनी विचारलंही नाही. म्हणाल्या, चेहरा एकच आहे तुम्हा दोघांचा.

त्या तुझ्या खोलीत बसल्या. मी चहा केला. मला वाटलं, भांडायला आल्यात, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पण त्या भांडल्या नाहीत.

त्यांनी सांगितलं की लग्नाआधीच तू त्यांना म्हणाला होतास, माझ्या आळसामुळे माझा भाऊ गेला, हे माहीत असू दे. मी म्हटलं, पण त्याने तर चार्ज केली होती, तो स्वतः म्हणाला होता. वहिनींनी कप खाली ठेवला. "पहिली एक-दोन वर्षं तसं म्हणत असतील. मला भेटले तेव्हा म्हणत नव्हते. त्यांना आठवतं, ताई. प्लग हातात घेतला, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, आणि तो तसाच जिन्यावर राहिला. हाक कोणी मारली तेसुद्धा सांगतात."

मी म्हटलं, असं झालंच नाही. हिरवा दिवा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

"ते तुमच्या पत्रात आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमचं खरं मानलं तर त्यांचं डोकं खोटं ठरतं. पत्र आल्यापासून ते रोज आमच्या घरच्या जिन्यावर जाऊन बसतात. कामावर जात नाहीत. मला विचारतात, काल मी दार लावलं होतं का, की मला नुसतं वाटतंय? आधी त्यांना एक दुःख होतं आणि ते कुठे ठेवायचं ते त्यांना माहीत होतं."

त्यांनी तुझा निरोप सांगितला. राग नाही. पण यापुढे लिहू नकोस. मी विचारलं, हे तो म्हणाला की तुम्ही? त्या म्हणाल्या, पहिलं ते म्हणाले, दुसरं मी म्हणतेय. मला त्या आवडल्या, दादा. तुला चांगली बायको मिळाली.

मी तसा शब्द दिला. मग त्यांनीच म्हटलं की एक शेवटचं द्यायचं असेल तर आज रात्रीत लिहा, मी नेईन, वाचायचं की नाही ते त्यांच्यावर. म्हणून हे.

यात तुला उपयोगी पडेल असं काहीतरी घालावं म्हणून मी दोन तास बसले. शेवटच्या दोन दिवसांत बाबा भानावर नव्हते आणि सारखे हाका मारत होते. त्यांनी तुला हाक मारली असं लिहिलं होतं, चांगलं सविस्तर, कुठल्या आवाजात तेही. ते पान फाडलं. त्यांनी मधल्याला हाक मारली. दोन्ही दिवस त्यालाच. तुला नाही, आणि मी हात धरून बसले होते तरी मलाही नाही. एकदा त्याला मारलेल्या हाकेला मीच ओ दिली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि हात सोडवून घेतला.

वहिनी शेजारच्या खोलीत झोपल्यात. त्यांची बस सहाची आहे, पाचला उठवायला सांगितलंय. साडेचार झालेत.